पंक्चर मी काढलं होतं

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत या प्रसंगाच्या दोन आवृत्त्या फिरताहेत आणि त्यांतली नवऱ्याची जास्त खपते आहे. दक्षिण फ्रान्समध्ये, कास्तेलनोदारी सोडून ब्रामकडे जाताना, कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठावर माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचं पंक्चर मी काढलं. मी. नवरा तिथे उपस्थित होता, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

तुलूजहून कालव्याच्या काठाकाठाने भूमध्य समुद्रापर्यंत सायकलने जायचं, असा आमचा सुट्टीचा बेत होता. कालवा 240 किलोमीटर, वाटेत चढ असा जवळजवळ नाहीच. नवऱ्याने ‘चढ नाही’ एवढंच ऐकलं आणि तिकिटं काढली. वाऱ्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या भागात ओतां नावाचा वारा आग्नेयेकडून येतो, आणि त्याने माणसांची डोकी फिरतात असं तिथले लोकच सांगतात. आम्हीही आग्नेयेकडेच निघालेलो, म्हणजे तो सरळ तोंडावर. शिवाय तुलूजपासूनचे पहिले पन्नासेक किलोमीटर छान डांबरी, पण पुढे नोरूझची खिंड ओलांडली की डांबर संपतं आणि माती, खडे आणि झाडांच्या मुळ्या सुरू होतात. झाडं म्हणजे चिनाराच्या जातीची, फोटोत दिसतात तशी दुतर्फा. फोटो जुने असतात. 2006 पासून या झाडांना एक बुरशी लागली आहे आणि आजवर हजारो झाडं तोडावी लागली आहेत. त्यामुळे मुळ्या पुष्कळ ठिकाणी आहेत, सावली मात्र मोजक्या. माझं चाक बसलं तिथे एकच झाड उभं होतं. त्याखाली नवरा जाऊन उभा राहिला.

वेळ दुपारी सव्वाची. हे महत्त्वाचं आहे. तिकडे जेवण बारा ते दोन या वेळात मिळतं. दोननंतर तुम्ही दारात चक्कर येऊन पडलात तरी कोणी तवा तापवणार नाही. बोटींना वर-खाली नेणाऱ्या कालव्याच्या दरवाजांवरचे कर्मचारीसुद्धा साडेबारा ते दीड जेवायला जातात आणि बोटी निमूटपणे खाली तरंगत राहतात. मी मनात हिशेब केला: ट्यूब बदलायला पंधरा मिनिटं, पुढच्या खानावळीपर्यंत वीस, म्हणजे दोनच्या आत ताट समोर.

हिशेबात आजोबा धरले नव्हते.

आजोबा सायकलवरून आले. डोक्यावर गवती टोपी, खांद्याला गळ, पुढच्या टोपलीत एक बुटका, रागीट कुत्रा. मी तोवर चेन सगळ्यांत लहान चाकावर घेऊन मागचं चाक बाहेर काढलं होतं, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि झाडाखाली जाऊन नवऱ्याला विचारलं, “मादाम थकल्या का?”

आता मी पुण्याची. अकरावी-बारावीला मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेणाऱ्या पिढीतली, आणि त्यातही पुढे हौसेने दोन परीक्षा दिलेली. मी फ्रेंचमध्ये म्हणाले, “थकले नाही. पंक्चर झालंय.”

“अच्छा, पंक्चर झालंय तर,” आजोबा नवऱ्याला म्हणाले.

“वी, वी,” म्हणजे हो, हो, असं नवरा म्हणाला. त्याचं फ्रेंच तिथे सुरू होतं आणि तिथेच संपतं.

त्यानंतर आजोबांनी नवऱ्याचा वर्ग घेतला. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधला पाहिजे, नाहीतर नवी ट्यूबही फुटेल, असं त्यांनी त्याला बजावलं. काटा मी आधीच काढलेला होता, तो तळहातावर ठेवून दाखवला. आजोबांनी तो उचलला, उन्हात धरला, मान हलवली आणि नवऱ्याच्या हातात दिला. नवऱ्याने तो रक्ताचा रिपोर्ट आल्यासारखा गंभीरपणे न्याहाळला. “वी,” तो म्हणाला.

मग भोक कुठे आहे ते पाहायचं ठरलं. माझ्याकडे नवी ट्यूब आहे, जुनीचं रात्री मुक्कामावर बघू, असं मी सांगितलं. आजोबांनी माझं वाक्य शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं, अगदी आदराने, आणि नवऱ्याकडे वळून उत्तर दिलं, “नाही मस्यो, भोक आधी सापडलं पाहिजे.” तत्त्वाचा प्रश्न होता. दोघे जुनी ट्यूब घेऊन काठावर गेले. नवऱ्याने गुडघे टेकले, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती कालव्यात बुडवली आणि इंचाइंचाने फिरवू लागला. कुत्रा शेजारी पाणी पीत होता. शेवटी बुडबुडे आले तेव्हा तिघांनाही इतका आनंद झाला की मला वाटलं, तिथे तेल लागलं.

इकडे मी टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने बसवत आणत व्हॉल्व्हपाशी संपवली, ट्यूब कुठे चिमटली नाही ना पाहिलं, चाक चढवलं आणि त्या खेळण्याएवढ्या हातपंपाने हवा भरायला घेतली. आजोबा आले. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाले, “अजून थोडी.” नवऱ्यानेही दाबून पाहिला. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, “अजून थोडी भर गं.”

कालवा दोन मीटर खोल आहे, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं.

चाक फिरलं. आजोबांनी टोपी काढली, नवऱ्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हणाले, “ब्राव्हो, मस्यो!” मग खिशातून स्वच्छ रुमाल काढून हात पुसायला दिला. नवऱ्याला. नंतर त्या दोघांचा आणि कुत्र्याचा एक फोटो काढायचं ठरलं आणि तो कोणी काढायचा, हे ठरवायची कुणाला गरज वाटली नाही.

आम्ही खानावळीत पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. भटारखाना बंद. आतल्या टेबलांवर लोक मातीच्या भांड्यातून कासुले खात बसले होते. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, बदक आणि सॉसेजेस तासन्‌तास मंद आचेवर शिजवून करतात ते, आणि कास्तेलनोदारीकर स्वतःला त्याची जागतिक राजधानी म्हणवतात. आम्ही बाहेरच्या बाकावर चकल्यांचा चुरा खाल्ला. “किती भला माणूस होता,” नवरा म्हणाला.

होताच. माझी तक्रार तीच आहे. उद्धट असता तर चार शब्द सुनावता आले असते.

पुढचे सगळे दिवस मी मग मोजणीच ठेवली. हॉटेलात चावी मी मागायची, खोली कुठल्या मजल्यावर ते त्याला सांगायचे. बिल मी मागवायचे, पाकीट त्याच्यापुढे यायचं. बेझिएला पोचलो तर गावाच्या मधोमध पिएर-पॉल रिके यांचा पुतळा. हे मिठाच्या कराची वसुली करणारे गृहस्थ. वय साठीकडे झुकलेलं असताना हा कालवा खोदायच्या नादाला लागले, स्वतःची संपत्ती त्यात घातली आणि 1681 साली कालवा सुरू होण्याच्या काही महिने आधी वारले. माणूस मोठाच, पुतळा हवाच. पण त्या कामावर शेकडो बायकाही होत्या, आणि त्यांतल्या काही पिरनीज डोंगराकडच्या, उतारावरून पाणी कसं खेळवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या. त्यांचे सल्ले कोणी कोणाकडे बघून ऐकले असतील, याचं चित्र मला लख्ख दिसतं. नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, “तू प्रत्येक गोष्ट त्या पंक्चरवर नेतेस.”

तर तो फोटो. नवऱ्याने त्याच रात्री तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘रस्त्यात पंक्चर! पण सोडवलं’ असं लिहून. कर्ता कोण, ते गुलदस्त्यात. सासूबाईंचा ताबडतोब आवाजी निरोप आला: “अरे, उन्हात कशाला एवढी दगदग करतोस? आणि हिला बरं आहे ना, फोटोत कुठे दिसत नाही?” आत्याने विचारलं की तिकडे पंक्चरवाले नसतात का. धाकट्या दिराने दंडाचे स्नायू दाखवणारी तीन चित्रं पाठवली. मी त्या सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं: फोटो मोठा करा आणि त्याचे हात बघा. स्वच्छ आहेत.

सासूबाईंनी लगेच मोठा करून बघितला. म्हणाल्या, “हो गं, किती टापटीप आहे ना पहिल्यापासून!”