मंग पेऊ तरी काय?

एप्रिलात कबड्डीचे सामने ठेवणाऱ्याचं खेळाडूंशी जुनं वैर असावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. पारा ४४ च्या वर आणि पायाखाली भाजकी माती. पण मी उन्हाला भीत नाही, मध्यंतराला भितो. वीस मिनिटांच्या दोन डावांत सुटी पाच मिनिटांची, आणि तेवढ्या वेळात माझं पोट ही ग्रामपंचायतीची मालमत्ता होते.

"मठ्ठा पे बे, पोट थंडं रायते," काकाजी गडवा पुढे करतात. आजी गुळाचा खडा तोंडात कोंबते आणि वर दम देते, "घामेजल्या अंगानं गटागटा पानी पेऊ नको." पानठेल्यावाले भाऊ फसफसतं कोल्ड्रिंक आणतात. "तुरंत ताकत!" त्यात शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर. एवढं गोड पोटातून लवकर खाली सरकत नाही, वायू मात्र लगेच वर येतो, तोही नेमका चढाईत. 'कबड्डी कबड्डी'च्या मधोमध जो ढेकर आला, त्यावर पंच क्षणभर विचारात पडले. मग बोट वर केलं. दम सुटला, गडी बाद. (ढेकर मोजायचा की नाही, यावर चावडीत अजून दोन तट आहेत.)

मेडिकलवाल्याने एकदा ओआरएस, म्हणजे अंगातलं पाणी-मीठ भरून काढणारं साखर-मिठाचं पाणी, असं ठळक छापलेला डबा दिला होता. चव थेट पाकाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ. त्यात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. मेडिकलवाल्याची श्रद्धा मात्र शाबूत आहे.

शाळेचे खेळाचे सर तेवढे शांत. म्हणतात, तासाच्या आतल्या खेळाला साधं पाणी पुरतं. पण असल्या उन्हात दिवसाला तीन-तीन सामने म्हटल्यावर घामावाटे गेलेलं मीठ परत नको का? म्हणून लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, या मापाने त्यांनी बादलीभर पाणी कालवून मैदानाच्या कडेला झाकून ठेवलं होतं.

तिकडे जायला मी निघालो, तर काकाजी आणि पानठेल्यावाले भाऊ माझा एकेक हात धरून भांडत होते. तेवढ्यात समोरच्या संघातला एक पोट्टा बादलीवरचं झाकण काढून विचारता झाला, "हे कोनाचं व्हय जी?"

कोणीच बोललं नाही. त्या संघाने बादली पिऊन पालथी केली, आणि आम्हाला अकरा गुणांनी हाणलं.