हरलेल्या माणसांची नाटकं

राजकीय भ्रमनिरासावरची नाटकं म्हणजे हताश लोकांचं रडगाणं, असं कोणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. ज्याने कधी कशावर विश्वासच ठेवला नाही, त्याचा भ्रमनिरास कसला होणार? आणि या नाटकांतली चांगली नाटकं आपल्या नायकाला पळवाट देत नाहीत. चळवळ फसली म्हणून मी असा झालो, असं म्हणायची त्याला सोय नाही. माणूस कमी पडला म्हणजे त्याचा विचारच खोटा, असं म्हणायची सोय आपल्यालाही नाही.

ब्रिटिश नाटककार डेनिस पॉटरची, नायजेल बार्टन या नायकावरची दोन टीव्ही नाटकं घ्या. बीबीसीवर डिसेंबर १९६५ मध्ये लागोपाठ दाखवली गेली. पॉटर स्वतः खाणकामगाराचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, १९६४ च्या निवडणुकीत मजूर पक्षातर्फे उभा राहून पडलेला. नायजेलची कुंडली जवळपास तीच. पहिल्या नाटकात शाळेचा वर्ग आहे आणि त्यातल्या मुलांची कामं मोठ्या नटांनीच केली आहेत. नायजेल वर्गातलं डॅफोडिलचं फूल चोरतो आणि बाईंनी दरडावल्यावर दुसऱ्याच मुलाचं नाव सांगतो. तेही इतकं रंगवून, की बाकीची पोरंही ‘आम्ही पाहिलं’ म्हणून सुरात सूर मिसळतात. हाच मुलगा मोठेपणी टीव्हीवर आपल्या घराबद्दल, दोन सामाजिक वर्गांच्या कात्रीत सापडल्याबद्दल अस्खलित बोलतो, आणि तो कार्यक्रम बघताना आईबापांची मान खाली जाते. रंगमंचावर हे एवढं लागलं नसतं. टीव्हीवर लागतं, कारण पाहणाराही तेव्हा आपल्या घरात, कदाचित आपल्याच आईबापांशेजारी, तशाच संचासमोर बसलेला होता. फूल चोरणारा मुलगा आणि मुलाखत देणारा तरुण एकच आहेत, हे पॉटर कुठेही बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या नाटकात नायजेल उमेदवार होतो. त्याचा निवडणूक एजंट थेट कॅमेऱ्यात बघून आपल्याशी बोलतो, मतं कशी मिळवतात ते सांगतो. बीबीसीने हे नाटक आधी जूनमध्ये, प्रक्षेपणाच्या अगदी तोंडावर रोखलं होतं!

आपल्याकडे याच जातीचं नाटक म्हणजे गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’. चौकशी समितीसमोर बसलेला डावा प्राध्यापक श्रीधर कुलकर्णी. डॉ. लागूंनी केलेला. चौकशी राजकीय मतांची, पण बघता बघता त्याचं सगळं खासगी आयुष्य टेबलावर येतं. त्याची उत्तरं तल्लख आहेत, समितीला तो सहज गप्प करतो. घरात मात्र त्या बुद्धीचा काही उपयोग झालेला नाही. शब्दांवर हुकमत असलेली माणसं अशी का हरतात, हा प्रश्न मला या नाटकानेच पाडला.

एक तक्रार मात्र आहे. या पुरुषांच्या भ्रमनिरासाची किंमत बऱ्याचदा शेजारची बाई मोजते. जॉन ऑस्बोर्नच्या ‘लुक बॅक इन अँगर’ (१९५६) या नाटकातला जिमी पोर्टर लढावं असं काही उरलं नाही म्हणून तडफडतो आणि ती आग ओकतो इस्त्री करत उभ्या असलेल्या बायकोवर. तिलाही काही वाटलं असेल, तिचाही कशावर तरी विश्वास असेल, याला नाटकात फारशी जागा नाही.

म्हणून डेव्हिड हेअरचं ‘प्लेंटी’ (१९७८) मला इतकं महत्त्वाचं वाटतं. युद्धकाळात फ्रान्समध्ये गुप्तपणे काम केलेली सुझन नंतरच्या सुखवस्तू, खोटारड्या इंग्लंडमध्ये रुळूच शकत नाही. इथे किंमत मोजतो तिचा नवरा. तो परराष्ट्र सेवेत, आणि तिच्यापायी त्याची कारकीर्द मातीला मिळते. हेअर तिला निर्दोष ठरवत नाही. पण सगळी पडझड दाखवून झाल्यावर तो शेवटचा प्रवेश १९४४ चा ठेवतो, सुझन तरुण आणि आशेने भरलेली असतानाचा. काहींना हे क्रूर वाटतं. मला ते न्याय्य वाटतं, कारण पुढे ती कितीही चुकली तरी त्या दिवशीची तिची आशा खरी होती.

‘प्लेंटी’वर १९८५ चा सिनेमाही आहे, मेरिल स्ट्रीपचा. पण सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’पासून करा. पुस्तक छोटं आहे. वाचून झाल्यावर श्रीधरबद्दल तुम्हाला काय वाटलं ते खाली नक्की लिहा, मला यावर खरंच बोलायचंय.