दाद ना फिर्याद

मनगटावर पंख्याचा फटका बसला त्याला आज नऊ दिवस झाले. वळबिळ काही उठला नाही. उठला असता तर बरं झालं असतं, निदान चार लोकांना दाखवता आला असता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, परक्या मुलुखात, बायकोच्या देखत, ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी मला घडीच्या पंख्याने मारलं. गुन्हा काय, तर मी गाण्याला 'वा' म्हणालो.

लिस्बनला कसे गेलो ते सांगत बसत नाही. मुलाने तिकिटं काढली, आम्ही गेलो. माथेरानला मधुचंद्रात माकडाने हिची पर्स पळवली होती, तेव्हापासून रोमान्सची थकबाकी व्याजासकट माझ्या नावावर चढत होती. ती एका रात्रीत फेडून टाकावी म्हणून मी अल्फामा या जुन्या मोहल्ल्यातल्या एका फादोच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या दुःखभऱ्या गाण्याच्या, ठिकाणी दोघांचं टेबल धरलं. १७५५ च्या भूकंपात लिस्बन कोसळलं तेव्हा अल्फामा बराचसा वाचला. त्यामुळे तिथल्या गल्ल्या जुन्या, वळणं जुनी आणि पायऱ्यासुद्धा जुन्याच. गुडघे मात्र माझे. वर पोचेपर्यंत रोमान्सपेक्षा पाणी हवं होतं.

आत दहा-बारा टेबलं, मेणबत्त्या आणि भिंतीवर फादो गायिका आमालिया रॉद्रिगिश यांचा भलामोठा फोटो. या बाई १९९९ साली गेल्या तेव्हा पोर्तुगालने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला. वेटरने हे अशा सुरात सांगितलं, जणू आम्ही तेव्हा समाचाराला आलो नाही ते त्याच्या अजून मनात आहे. मग २०११ साली युनेस्कोने फादोला मानवजातीचा वारसा ठरवलं, हे तो स्वतः खेटे घालून मंजूर करून आणल्यासारखं बोलला. बोलता बोलता त्याने पावाची टोपली, ऑलिव्ह, लोणी, चीज असं सगळं मांडलं. न मागता! मी हिला म्हटलं, "बघ, याला म्हणतात पाहुणचार." हे वाक्य लक्षात असू द्या.

दिवे मंदावले. कोणीतरी शांतता पाळायला सांगितलं. दोन वादक बसले. एकाकडे नासपतीच्या आकाराची बारा तारांची पोर्तुगीज गिटार, तिचं डोकं उघडलेल्या पंख्यासारखं. (पंखे त्या रात्री माझ्या पत्रिकेतच होते.) दुसऱ्याकडे आपली साधी गिटार, तिला ते व्हियोला म्हणतात. का म्हणतात ते विचारायची सोय नव्हती, शांतता होती. मग गायिका आली. खांद्यावर काळी शाल. मोरारिया मोहल्ल्यातली फादो गाणारी मारिया सेव्हेरा १८४६ साली ऐन सव्विशीत गेली, तिच्या आठवणीत ही शाल घेतात असं सांगतात. गायिकेने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि गायला लागली.

आता माझी बाजू ऐका. मी बावीस वर्षं सवाईला भारतीय बैठकीत मांडी घालून बसलेला माणूस आहे. आपल्याकडे गाणं एकट्या गवयाचं नसतंच. त्याने जागा घ्यायची, आपण 'वा' म्हणायचं, मग त्याने आणखी चांगली जागा घ्यायची. न बोलता बसलेला श्रोता म्हणजे एक तर झोपलेला, नाही तर पासावर आलेला. तर या गायिकेने वरच्या सुरावरून आवाज असा काही खाली आणला आणि क्षणभर सोडून दिला, की माझ्या तोंडून गेलंच, "वा! क्या बात है!" बरोबर समेवर. म्हणजे मला सम वाटली तिथे.

फट्ट!

शेजारच्या टेबलावर बाई एकट्याच होत्या. काळा झगा, गळ्यात मोत्यांचा सर, पुढ्यात गिंजिन्याचा, म्हणजे आंबट चेरीच्या दारूचा, अंगठ्याएवढा पेला. वेटर त्यांना मेनू देत नव्हता की काही विचारत नव्हता, यावरून ओळखावं की खुर्ची वहिवाटीची आहे. मारून झाल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शिटी होण्याआधी कुकर करतो तसा आवाज काढला. तिथवर ठीक होतं. पण मग त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. 'घरीही असंच का?' एवढंच त्या नजरेत होतं. आणि हिने मान डोलावली! पंचवीस वर्षांत हिने इतक्या चटकन माझ्या कुठल्याच म्हणण्याला मान डोलावलेली नाही.

तेवढ्यात माझा बाकाल्याव आला. हा खारवलेला कॉड मासा. ऑलिव्ह तेलात लसूण चुरचुरत होती, बाजूला उकडलेले बटाटे. नाकाखाली एवढं सगळं आणि वर दुःखाचं गाणं. मी काटा उचलला, पंखा वर झाला. मी काटा ठेवला, पंखा खाली आला. तीन गाणी आम्ही दोघं असा व्यायाम केला. तिसऱ्या गाण्याअखेर मासा गार आणि लसूण गप्प.

आणि चौथ्या गाण्यात, ऐका, चौथ्या गाण्यात, गायिकेने तशीच एक जागा घेतली आणि याच बाई, याच, खुर्चीत ताठ होऊन खणखणीत आवाजात ओरडल्या, "आ, फादिश्ता!" फादिश्ता म्हणजे फादो गाणारी. थोडक्यात, त्यांचं 'वा'.

कोणी कुकर लावला नाही. उलट सगळ्या खोलीला बरं वाटलं. गायिकेने त्यांच्याकडे पाहून मान किंचित लववली. मी हिच्या कानाशी गेलो. "ऐकलंस ना? आता त्या ओरडल्या!"

"अहो, त्यांना कुठे ओरडायचं ते कळतं."

हे लागलं. पंख्यापेक्षा लागलं. म्हणजे दादीलाही परवाना लागतो, आणि तो रहिवासी दाखल्यावर मिळतो. आमच्याकडे मैफलीत भैरवी चालू असताना मोबाइल वाजतो. वाजलेला मोबाइल उचलून 'मी गाण्याला आलोय, बोल' असं म्हटलं जातं. पुढच्या पाच रांगा पडदे पेटवून चित्रीकरण करतात, गवई त्या पडद्यांतूनच बघायचा. माझ्या मागच्या गृहस्थांनी परवा पूर्ण विलंबितभर कुरकुरीत काहीतरी खाल्लं. तिथे कुणाच्या मनगटाला पंखा लागत नाही. खरी गरज असलेल्या देशात ही बाई नाही, आणि जिथे एक बिचारा रसिक मनापासून 'वा' म्हणतोय तिथे तिची पहिली रांग. एक कबूल करतो, तिथली शांतता खरी होती. मेणबत्तीची वात तडतडलेली ऐकू आली. पण म्हणून मारायचं?

मध्यंतरात मला वाटलं, आता आमचे दोघांचे दोन शब्द होतील. मी घसाही साफ केला. तर बाईंनी पंख्यानेच मला खूण केली, उठा. माझ्या खुर्चीत त्या बसल्या, त्यांच्या टेबलावर मी, भिंतीकडे तोंड करून. त्यांना इंग्रजी येत नाही, हिला पोर्तुगीज. बाईंनी टोपलीकडे बोट दाखवलं. "पांव."

"पाव!" ही ओरडली. "आमच्यातही पाव!" मग माझ्या ताटातला बटाटा दाखवला. "बटाटा?" "बटाटा! बटाटा!" दोघींनी टाळी दिली. कोबीला कोव, साबणाला सबांव, अननसाला अननशच, बालदीला बाल्द. वेंगुर्ल्याची माहेरवाशीण, तिने खिडकीकडे हात करून 'जनेल' म्हटलं तेव्हा तर बाईंनी तिचे दोन्ही गाल धरले. साडेचारशे वर्षं गोव्यात राहून त्यांनी जे काही ठेवलं होतं ते या दोघींनी पंधरा मिनिटांत मोजून घेतलं. आमच्या रौप्यमहोत्सवी रोमान्समध्ये इतका वेळ भाजी, साबण आणि बालदी यांवर बोलणं होईल असं मला वाटलं नव्हतं. तसं घरीही याच विषयांवर होतं म्हणा.

वेटरला माझी दया आली असावी. त्याने मला 'सौदाद' या शब्दाचा अर्थ सांगायला घेतला, दहा मिनिटं झाली तरी संपेना. मी म्हटलं, हुरहूर. पलीकडून ही म्हणाली, "पाहुणे गेल्यावर घर कसं लागतं, तसं." मग जाता जाता त्याने असं काही सांगितलं की मी चमच्यासकट थांबलो. कोइंब्रा नावाच्या विद्यापीठाच्या गावात वेगळा फादो आहे. तो परंपरेने पुरुष गातात, आणि तिथे जुनी रीत अशी की टाळ्या वाजवायच्या नाहीत, दाद म्हणून घसा खाकरायचा.

घसा खाकरायचा! घोडबंदर रोडच्या धुळीने मला बारा महिने खोकला असतो. त्यापायी ठाण्यात दोन सभागृहांतून मला बाहेर जाऊन उभं राहायला सांगितलेलं आहे. कोइंब्रात मी जाणकार ठरलो असतो. आणि मुलाने तिकिटं काढली लिस्बनची.

शेवटच्या गाण्याला दोघी हात हातात घेऊन रडल्या. मेणबत्ती, डोळ्यांत पाणी, पाठीमागे गिटार, मी मागितलं होतं ते सगळं होतं, फक्त मी भिंतीजवळ होतो.

मग बिल आलं. पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज यांचं एक स्वतंत्र कलम होतं, 'कुव्हेर्त'. न मागता येतं, परत पाठवलं तर पैसे नाहीत, हात लावला की आहेत. माणशी साडेतीन युरो. पावाला पाव हे नाव ज्यांनी दिलं त्यांनीच पावाचे लावले, आणि टोपली रिकामी करायला शेजारच्या बाईंनी मला मनापासून मदत केलेली. तिसऱ्या माणशीचेही आमच्याच बिलात.

आकडा वाचला आणि भरल्या खोलीत माझ्या तोंडून पुन्हा निघून गेलं, "वा! क्या बात है!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पंखा जागचा हलला नाही.