सूर्य मोजला गेला आहे, तोही पृथ्वीकडे पाहणाऱ्या उपग्रहांवरून

शिगम्याच्या दिवसांत आमच्या फोंड्यातल्या एका व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला आणि दोन दिवसांत तोच आणखी तीन गटांवर दिसला. त्यातले म्हणणे असे: 'उन्हाळा वाढतोय कारण सूर्यच जास्त तापलाय. हवामानाचे उपग्रह पृथ्वीकडे तोंड करून फिरतात, सूर्याकडे त्यांची पाठ असते, त्यामुळे सूर्य कोणी मोजलेलाच नाही. जो आकडा देतात तोही १३६६ वरून १३६१ असा गुपचूप बदलला. आता आदित्य खरे काय ते सांगेल.' मी वर्षानुवर्षे भौतिकशास्त्र शिकवले. माझ्याच विद्यार्थ्यांनी हे पुढे पाठवलेले पाहून गप्प बसवेना.

'सूर्याकडे पाठ असते.' नसते. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेला निंबस-७ हा पृथ्वी पाहणारा उपग्रह. पृथ्वीवरून परतणारा प्रकाश आणि उष्णता मोजणाऱ्या त्याच्या उपकरणाचाच एक भाग सूर्यासाठी होता. दर फेरीत काही मिनिटे सूर्य त्याच्या टप्प्यात यायचा. अमेरिकेच्या नव्या गोज हवामान उपग्रहांवर तर सूर्याची उपकरणे सौरपंखाच्या सांध्यापाशीच बसवली आहेत. वीज मिळवायला पंख दिवसभर सूर्याच्या मागे वळतो आणि उपकरणेही त्याच्यासोबत वळतात.

दोन्ही मोजमापे एकाच उपग्रहावर ठेवण्यामागे जमाखर्चाचा विचार आहे. सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर वातावरणाच्या बाहेर सुमारे १३६१ वॅट पडतात. गोल पृथ्वीवर सगळीकडे वाटले तर सरासरी ३४०. त्यातले शंभराच्या आसपास ढग, बर्फ आणि वाळू परत फेकतात, बाकीचे उष्णतेच्या रूपाने बाहेर जायला हवेत. आज सुमारे एक वॅट कमी जातो आणि त्याचा बहुतेक भाग समुद्रात साठतो. एवढा बारीक फरक पकडायचा तर जमेची बाजू अंदाजाने धरून चालत नाही. ओझोन मोजणारी उपकरणेही तशीच चालतात: थेट सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतून परतलेले अतिनील किरण यांची तुलना करतात.

आता १३६६ आणि १३६१. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण लबाडीचा आरोप इथेच आहे. मोजण्याची रीत समजायला सोपी आहे. आतून काळा केलेला एक पोकळ शंकू विजेने ठरावीक तापमानावर ठेवतात. झडप उघडली की ऊन आत येते आणि तेच तापमान राखायला वीज कमी लागते. जेवढी वीज वाचली तेवढी सूर्याची शक्ती. तिला छिद्राच्या क्षेत्रफळाने भागायचे. जुन्या उपकरणांत पुढे मोठे छिद्र आणि आत खोलवर नेमक्या मापाचे लहान छिद्र असे. मोठ्या छिद्रातून आलेले जादा ऊन आत इकडेतिकडे आपटून शंकूत शिरायचे, म्हणून आकडा फुगायचा. २००३ मध्ये सूर्य मोजायला गेलेल्या सोर्स उपग्रहावरच्या उपकरणात नेमके लहान छिद्रच सगळ्यात पुढे आणले आणि आकडा १३६१ च्या जवळ आला. पुढे प्रयोगशाळेत जुन्या रचनेची उपकरणे तपासली तेव्हा हीच चूक सापडली. हे सगळे २०११ मध्ये शोधनिबंधात छापले गेले. गुपचूप म्हणावे असे त्यात काय आहे?

शिवाय वजनकाटा किलोमागे चार ग्रॅम जास्त दाखवत असेल, तरी पोते जड झाले की हलके, हे त्याच काट्यावर कळते. सूर्य बदलतो का, हा प्रश्न तसाच सुटतो. अकरा वर्षांच्या चक्रात तो हजारात एकाच्या आसपास वरखाली होतो. १९७८ पासून त्यात तापमानवाढीला पुरेल अशी चढ दिसलेली नाही. २००८-०९ मध्ये सूर्य तर फारच शांत होता आणि पृथ्वी तरीही तापतच राहिली. सूर्य जास्त तापला असता तर वरचे वातावरणही तापले असते. प्रत्यक्षात स्थितांबराचा, म्हणजे ढगांच्या वरच्या ओझोनच्या पट्ट्याचा, वरचा थर थंड झाला आहे. एक वादाची जागा प्रामाणिकपणे सांगतो. १९८६ च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघातानंतर पुढचे सौर उपकरण जायला उशीर झाला आणि १९८९ ते १९९१ मध्ये सगळ्यात अचूक मोजमापांत खंड पडला. तो कसा जोडायचा यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण वाद हजारातल्या अर्ध्या भागाहूनही कमी फरकाचा आहे. आणि त्या खंडात सूर्यावर नजर ठेवून होते ते निंबस-७ आणि ईआरबीएस, म्हणजे पृथ्वी पाहणारेच उपग्रह.

आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक अंग भाजते तेव्हा बहुधा पूर्वेचा वारा जोरात असतो आणि खारा वारा दुपारपर्यंत किनाऱ्यावर येत नाही. त्या दिवसावरून सूर्याबद्दल काही ठरत नाही.

राहिला आदित्य-एल१, भारताचे सूर्य पाहणारे यान. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली त्याची अतिनील दुर्बीण माझ्याही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच्या सात उपकरणांत सूर्याची एकूण शक्ती मोजणारे एकही नाही, त्याचे काम वेगळे आहे.

खरी काळजी मोजमापांची साखळी तुटण्याची आहे. नवे उपकरण जुन्यासोबत काही काळ चालले तरच दोघांचे आकडे जुळवता येतात. मार्च २०११ मध्ये सौरमापक घेऊन निघालेला ग्लोरी हा पृथ्वी पाहणारा उपग्रह रॉकेटचे कवच न सुटल्याने कक्षेत पोहोचलाच नाही. सोर्सची बॅटरी २०१३ मध्ये जवळपास संपली होती. घाईने तयार केलेले बदली उपकरण नोव्हेंबरमध्ये वर गेले आणि डिसेंबरात त्या थकलेल्या सोर्सला आठवडाभरासाठी पुन्हा जागे करून दोघांनी एकाच वेळी सूर्य मोजला.