नाक धावत होतं

वर्गात एका मुलीने 'हिज नोज वॉज रनिंग'चं मराठी केलं, 'त्याचं नाक धावत होतं.' म्हणायचं होतं, नाक वाहत होतं. सगळा वर्ग खो खो हसला. तिने मान खाली घातली आणि तास संपेपर्यंत हात वर केला नाही. मी तिची वही पाहिली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: रन = धावणे. मला राग आला तो त्या बरोबरच्या चिन्हाचा.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी काम करताना पीटर गिलिव्हर या कोशकाराने 'रन'वर नऊ महिने घालवले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. आपण मुलांच्या हाती त्यातला एक ठेवतो आणि पुढे जातो.

बरं, नाकाचं 'रन' होणं हे काही लांबून ओढून आणलेलं नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द पायांइतकाच पाण्याचाही होता. त्याचा जर्मन भाऊबंद 'रिनेन' आजही वाहण्या-पाझरण्यासाठीच वापरतात. म्हणून नदी रन होते, नळ रन होतो, धुताना कपड्याचा रंग रन होतो. आपण म्हणतो, नदी वाहते, नळ सुरू आहे, रंग जातो. एका इंग्रजी क्रियापदासाठी आपली तीन, आणि तिन्ही चपखल.

पण मला खरी मौज वाटते ती पुढे. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते! त्यांचं इंजिन रन होतं, आपलं चालतं. ते धंदा रन करतात, आपण चालवतो. घर चालतं, शाळा चालते, नाटक वर्षभर चालतं. फ्रेंच माणूसही यंत्र 'चालतं' असंच म्हणतो, म्हणजे या बाबतीत आपण एकटे नाही. निवडणुकीचं तर बघाच. अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' करतो आणि आपलाही उभाच राहतो. इंग्रजीच्याच दोन घरांत एक पळतोय, एक उभा आहे.

'रन आउट ऑफ' म्हणजे संपणं, 'रन इन्टू' म्हणजे अचानक गाठ पडणं, किंवा जाऊन धडकणं. 'इन द लाँग रन' म्हणजे पुढचा लांबचा विचार करता. हे सुटे शब्द जोडून कधीच कळणार नाही. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की शब्द एकटा शिकवूच नका. त्याच्या सोबत्यांसह, अख्ख्या वाक्यात शिकवा, आणि शेजारी मराठी माणूस तिथे काय म्हणेल तेही मांडा. मुलांजवळ आपल्या भाषेची जाण आधीच असते. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, यातला 'लाग' त्यांना कुणी समजावून सांगितलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एका बाजूला 'रन'ची वाक्यं लिहिली, दुसऱ्या बाजूला 'चाल'ची. वर्ग स्वतःच जोड्या लावू लागला. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने हात वर केला. "सर, आपण 'चालेल' म्हणतो ना, उद्या आलं तर चालेल, त्याला ते काय म्हणतात? तिथे पण रन?"

मी म्हटलं, "नाही, तिथे ते 'दॅट वर्क्स' म्हणतात."

"म्हणजे तिथे ते काम करतात," ती म्हणाली आणि वहीत 'रन'पुढचं बरोबरचं चिन्ह खोडून टाकलं.