‘तोंड उघड, मी भरीन’ म्हणजे तयारीला सुट्टी नव्हे

ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर एक संदेश वरचेवर फिरतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. ज्याला पवित्र आत्मा मिळाला त्याला शिकवायला दुसरा कोणी लागत नाही. प्रेषित निरक्षर होते, बायबल कॉलेजं माणसांनी काढली. वचनाची आगाऊ तयारी म्हणजे आत्म्यावर अविश्वास. आणि इतकी वर्षं विश्वासात राहूनही जो शिकवत नाही तो अजून बाळच. खाली ‘आमेन’ची रांग. संदेशात पाच वचनं दिलेली असतात आणि पाचही बायबलमध्ये आहेत. घोळ होतो तो त्यांच्या मागच्यापुढच्या ओळी न वाचल्यामुळे.

‘तुम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही’ (१ योहान २:२७)

आदल्याच ओळीत, २:२६ मध्ये, योहान सांगतो की तुम्हांला फसवणाऱ्यांविषयी मी हे लिहिलं आहे. अध्यायाच्या १८व्या ओळीपासून विषय चालू आहे तो मंडळीतून निघून गेलेल्या आणि नवंच काही शिकवणाऱ्या लोकांचा. त्यांच्या ‘वेगळ्या ज्ञाना’ची तुम्हांला गरज नाही, असं योहान म्हणतो. आणि हे तो पाच अध्यायांच्या पत्रातून शिकवतोच आहे! शिक्षकच नको असते तर पत्र कशाला लिहिलं असतं? इफिसकरांस ४:११ नुसार पाळक आणि शिक्षक ही ख्रिस्ताने मंडळीला दिलेली देणगी आहे, आणि ४:१४ मध्ये त्याचं कारणही आहे: प्रत्येक शिकवणीच्या वाऱ्याने आपण हेलकावे खाऊ नये.

‘प्रेषित निरक्षर होते’ (प्रेषितांची कृत्ये ४:१३)

हा शेरा यहूदी पुढाऱ्यांच्या न्यायसभेचा आहे. पेत्र-योहानांनी रब्बींच्या, म्हणजे यहूदी धर्मगुरूंच्या, रीतीचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. दोनच ओळी आधी पेत्राने त्याच सभेपुढे स्तोत्र ११८ मधला बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचा दाखला दिला होता. दुसऱ्या अध्यायातल्या भाषणात योएल, स्तोत्र १६ आणि स्तोत्र ११० येतात. आणि त्याच ४:१३ मध्ये पुढे असं आहे की हे येशूच्या संगतीत होते हे त्यांनी ओळखलं. सुमारे तीन वर्षं रोज गुरूबरोबर चालणं, खाणं, चुकणं, बोलणी खाणं, आणि पुनरुत्थानानंतर आणखी चाळीस दिवस. असा निवासी कोर्स आजच्या कुठल्या कॉलेजात आहे?

पौलाचं नाव हमखास पुढे येतं: दिमिष्कात त्याने लगेच प्रचार सुरू केला. खरं आहे. पण गमलिएल या यहूदी शास्त्रगुरूच्या पायांशी बसून त्याचं शास्त्र आधीच पक्कं झालं होतं. तरीही यरुशलेमेत पेत्राला भेटायला तीन वर्षं गेली (गलतीकरांस १:१८), आणि अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबाबरोबर तो वर्षभर शिकवत होता (प्रेषितांची कृत्ये ११:२६). पुढे इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज वर्ग चालले. शेवटच्या तुरुंगातून तो तीमथ्याला झगा आणि पुस्तकं आणायला सांगतो (२ तीमथ्य ४:१३).

महाराष्ट्रातही एक नजर टाकावी. १९०५ सालच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या संजीवनाचा, म्हणजे आत्मिक जागृतीचा, दाखला हा संदेश पाठवणारे लोकच अभिमानाने देतात. त्याच मुक्तीत पंडिता रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करत होत्या, आणि हे काम त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत, १९२२ पर्यंत चाललं. आत्म्याचा वर्षाव आणि व्याकरणाचं पुस्तक एकाच आवारात नांदले.

पण म्हणून पदवी असेल तरच शिकवता येतं असं आमचं म्हणणं नाही. अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात निपुण. त्याला ‘अधिक स्पष्ट’ करून सांगणारे प्रिस्किल्ला आणि अक्विला तंबू शिवून पोट भरत. त्यांनी त्याला भर सभास्थानात अडवलं नाही, बाजूला नेऊन शिकवलं. आणि त्याने ऐकलं, हे जास्त महत्त्वाचं.

‘तोंड उघड, मी भरीन’ आणि ‘काय बोलावे याची काळजी करू नका’

स्तोत्र ८१:१० भाषणाबद्दल नाहीच. सोळाव्या ओळीपर्यंत वाचा: उत्तम गहू आणि खडकातला मध. देव भुकेल्या इस्राएलाला खाऊ घालण्याबद्दल बोलतो आहे. मत्तय १०:१९ हे अटक होऊन अधिकाऱ्यांपुढे उभं केलेल्यांना दिलेलं आश्वासन आहे; रविवारच्या उपासनेत बोलायची तारीख महिनाभर आधी ठरलेल्यांना नव्हे.

तयारी नसली की काय होतं ते यिर्मया २९:११ वर पाहू. ‘तुमच्याविषयी जे संकल्प’ हे देवाच्या भल्याच्या योजनेचं वचन कॅलेंडरांवर, वाढदिवसाच्या कार्डांवर असतं. ऐनवेळी उभा राहिलेला वक्ता त्यावरून सांगतो: या वर्षी नोकरी, या वर्षी घर. आता आख्खा अध्याय वाचा. हे बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. पाचव्या ओळीत घरं बांधा, बागा लावा. सातवीत त्या परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. दहावीत सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच मरणार. आणि अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल. ‘याच वर्षी’ म्हणणारा आपला वक्ता यिर्मयाचं वचन घेऊन हनन्याचा संदेश देतो.

अर्ध्या तासाच्या पाठासाठी नवख्याने पाच-सहा तास धरावेत, तेही आठवडाभरात वाटून. पहिल्या दिवशी अध्याय तीनदा मोठ्याने वाचायचा, मागचा-पुढचा अध्याय एकदा. मग कोण, कोणाला, कधी, का, हे वहीत. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ या शब्दांखाली रेघ. युक्तिवाद तिथेच वळतो. दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवायची. टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं) किंवा यूट्यूब त्यानंतरच. आधी उघडलं तर रविवारी त्या वक्त्याचाच पाठ होतो, तोही त्याच्या लकबींसकट. उताऱ्याचं म्हणणं एका वाक्यात लिहिता येईना, तर पाठ तयार नाही. इतर संदर्भ तीन-चारच; वीस दिले की लोक नुसती पानं उलटत बसतात. आणि हे सगळं करताना प्रार्थना. आत्म्याला मंगळवारी रात्री वहीपाशी काम करता येत नाही, हे कोणी ठरवलं?

‘इतक्या काळात शिक्षक व्हायला पाहिजे होते’ (इब्री ५:१२)

ही कानउघाडणी आहे, नेमणूकपत्र नाही. हे पत्र ज्यांना लिहिलं त्या लोकांनी पूर्वी छळ सोसला होता, मालमत्तेची लूट आनंदाने पत्करली होती (१०:३२-३४). तरी त्यांना पुन्हा मुळाक्षरं शिकवायची वेळ आली, कारण ते ऐकण्यात मंद झाले होते. वर्षं मोजून प्रौढपण येत नाही. ५:१४ मध्ये प्रौढाची खूण बऱ्यावाईटाची पारख सरावाने झालेली असणं ही आहे. ६:१-२ मध्ये मुळाक्षरांची यादीही दिली आहे: निर्जीव कृत्यांचा पश्चात्ताप, देवावरचा विश्वास, बाप्तिस्मे, हात ठेवणे, मेलेल्यांचं पुनरुत्थान, सार्वकालिक न्याय. या सहांपैकी प्रत्येकावर दोन उतारे उघडून दहा मिनिटं साध्या भाषेत बोलता येतं का, हे आपल्या पाळकांसमोर करून पाहावं. बहुतेक जण ‘हात ठेवणे’पाशी अडकतात.

साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं, मात्र कोणीही पहिल्या दिवसापासून द्यावी. मार्क ५:१९ मधल्या, भुतांपासून सुटलेल्या माणसाला प्रभूने घरी जाऊन आपल्यासाठी काय केलं ते सांगायला पाठवलं. पण साक्षीत चूक झाली तर ती आपल्या अनुभवापुरती राहते. शिकवणीत झाली तर ती ऐकणाऱ्यांच्या घरी जाते. याकोब ३:१ फार जणांना शिक्षक होऊ देत नाही ते यासाठी.

‘माझ्या संदेशाने लोक रडतात, म्हणजे पाचारण आहे’

हे संदेशात नसतं, पण त्यावरच्या चर्चेत येतंच. करिंथच्या मंडळीत कृपादानांची, म्हणजे आत्म्याच्या देणग्यांची, उणीव नव्हती (१ करिंथ १:७), तरी पौल त्यांना बाळं म्हणतो, कारण हेवा आणि कलह (३:१-३). देणगी लवकर दिसते, चारित्र्याला वेळ लागतो. म्हणून १ तीमथ्य ३:६ नवशिक्याला थांबवतं आणि ५:२२ हात ठेवण्याची, म्हणजे कोणाला सेवेसाठी नेमण्याची, घाई करू देत नाही. व्यवहारात क्रम असा ठेवावा: आधी उपासनेत शास्त्रवाचन, मग अनुभवी शिक्षकाशेजारी वर्षभर संडे स्कूल, मग घरगुती प्रार्थना सभेत छोटा पाठ, आणि पुलपिट सर्वांत शेवटी. प्रत्येक पाठानंतर आठवड्याने तीन श्रोत्यांना विचारावं, त्या उताऱ्यात काय होतं? त्यांना वक्त्याचे किस्सेच आठवले तर अजून काही महिने संडे स्कूल.