महाडला आलेला पंधरा वर्षांचा पोरगा

एप्रिल २०२५ मध्ये ‘फुले’ चित्रपटावरून वाद पेटला. सेन्सॉरने जातींचे उल्लेख बदलायला लावले, प्रदर्शन दोन आठवडे लांबलं. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच सूर: जुनं उकरून पोरांच्या डोक्यात कशाला भरवायचं?

इकडे न्यू जर्सीत माझ्या सातवीतल्या मुलीला मिल्ड्रेड टेलरची १९७६ ची कादंबरी ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ वाचायला लावली होती. काळ १९३३, मिसिसिपी. काळ्या मुलांच्या शाळेत पुस्तकं वाटली जातात, मळकी, फाटकी. आत तक्ता: आधी अकरा वेळा गोऱ्या मुलांना दिलं, पार खिळखिळं झाल्यावर बाराव्यांदा काळ्या मुलाला. गोष्टीतल्या कुटुंबातला धाकटा मुलगा ते वाचतो, पुस्तक भिरकावतो, त्यावर पाय आपटतो आणि छड्या खातो. त्याची आई तिथेच शिक्षिका. ती कागद चिकटवून ते तक्ते झाकून टाकते. पुढे पुस्तकात नसलेला गुलामगिरीचा इतिहास शिकवल्याबद्दल तिची नोकरी जाते. वर्गात चर्चेला प्रश्न होता: तुम्ही कागद चिकटवला असता, की नोकरी सांभाळली असती?

इथेही सगळं आलबेल नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या शाळांनी हेच पुस्तक सक्तीच्या यादीतून काढलं. तक्रार काळ्या मुलांच्या पालकांची होती: पुस्तकांतली काळ्यांसाठीची शिवी वर्गात आमच्या मुलांना ऐकावी लागते. आपल्याकडच्या ‘भावना दुखावल्या’पेक्षा ही तक्रार मला कितीतरी वजनदार वाटते. पण त्यावर इलाज शिक्षक तयार करणं हा आहे.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांना तोटा नाही, पण पोरांच्या हाती पडतात त्या गड-तलवारींच्या. इथल्या रविवारच्या मराठी शाळेतही तेच. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हणजे रिकाम्या जागा भरा: २० मार्च १९२७.

खरं तर तिथे काय नाही? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई विधिमंडळातला १९२३ चा बोले ठराव, मग १९२४ चा महाड नगरपालिकेचा. कागदोपत्री तळं सगळ्यांना खुलं. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत अस्पृश्य मानलेली माणसं भाकरतुकडा बांधून लांबलांबून आलेली. पाणी पिऊन झालं, आणि हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली. जेवणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं.

त्यातल्या एका पंधरा वर्षांच्या पोराला मुलांच्या कादंबरीचा नायक करा. भाकरी मातीत पडलीय, दगड हाताशी आहे, आणि बाबासाहेब शांत राहा म्हणतायत. आणि दुसरा एक पोरगा हवाच, ज्याच्या घरातून घागर गेली. आमच्या ग्रुपवरच्या बऱ्याच जणांना तो ओळखीचा वाटेल. मलाही.